हात सैल सोडा

"आज घरात कुणी 'नाही' म्हणायचं नाही," आई सकाळीच म्हणाली.

ही ताकीद आम्हाला रोजचीच होती. आमच्या घरात मीठ कधी संपत नसे, ते 'उदंड' होई. दिवा विझत नसे, त्याला निरोप मिळे. बाहेर जाणारा माणूस कधी जात नसे, तो येत असे. आणि चुकून कुणी "जातो" म्हणालंच तर आई त्याला उंबऱ्यातून परत बोलावून "येतो" म्हणायला लावी. फलटणच्या आमच्या गल्लीत बहुतेक बायका असंच बोलायच्या, पण त्या सगळ्यांची मुख्याध्यापिका म्हणून आईच शोभली असती.

"आई, आज नेमकं 'नाही'च म्हणायचंय," मी म्हणाले. "आपल्याकडे नाही, हेच बघायला येतायत ते लोक."

"म्हणून काय दारात आलेल्या पाहुण्यांना रडगाणं ऐकवायचं?"

"पाहुणे नाहीत ते."

"दारात आला तो पाहुणा," आई म्हणाली आणि लाडवांसाठी बेसन भाजायला बसली.

मी तेव्हा बारावीत होते. अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजनं मला पदवीसाठी प्रवेश दिला होता आणि अर्धी फी माफही केली होती. उरलेली अर्धी फी, राहणं, जेवण, विमानाचं तिकीट, हे सगळं तिथलीच एक शिष्यवृत्ती देणारी संस्था उचलणार होती. पण घर पाहून, आईवडिलांशी बोलून, मगच. आमच्या भागातून एकीलाच ती मिळायची होती आणि शेवटी आम्ही दोघीजणी उरलो होतो. दुसरी कोण, कुठली, हे मला ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की ती शिष्यवृत्ती मिळाली तर मी जाणार आणि नाही मिळाली तर कॉलेजनं दिलेल्या प्रवेशाचं पत्र मी फक्त फ्रेम करून लावू शकणार. काच का फुटते, हा माझा आवडता विषय. अर्जाबरोबर निबंधही मी त्यावरच लिहिला होता. कासाराच्या मुलीला दुसरं काय सुचणार?

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान होतं. आजोबांनी घातलेलं. 'होतं' म्हणते, कारण त्या दिवाळीत जागेच्या मालकानं तिप्पट भाडं मागितलं आणि एक मोबाइलवाला ते आनंदानं द्यायला तयार होता. तशीही गिऱ्हाइकं रोडावली होती. पोरी काचेच्या बांगड्या लग्नापुरत्या घालायच्या आणि सत्यनारायण झाला की काढून ठेवायच्या. तुळशीचं लग्न लागलं आणि अण्णांनी किल्ली परत केली. सगळा माल घरी आला. आमच्या दोन खोल्यांत बांगड्यांची खोकी छताला टेकली. पलंग मोडून माळ्यावर टाकला आणि आम्ही तिघं खोक्यांच्या मधल्या बोळात झोपायला लागलो. कुणी कूस बदलली तरी कुठल्यातरी खोक्यात किणकिण व्हायची. अण्णा सायकलच्या कॅरियरला पेटी बांधून आसपासच्या गावांना जायला लागले, आणि लग्नघरचं बोलावणं आलं की आईही.

अडचण अशी होती की अर्जाला जोडलेले उत्पन्नाचे दाखले आदल्या वर्षाचे होते. त्यांच्यात दुकान अजून चालू होतं. दुकान गेलं, हे आता अण्णांनी स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं. मला काळजी होती ती त्याचीच. अण्णा आयुष्यभर गल्ल्यावर बसलेले. "कसं काय अण्णा?" विचारलं की "रामाची कृपा" याशिवाय दुसरं उत्तर त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.

"अण्णा, लपवायचं नाही हं काही," ते दाढी करत असताना मी त्यांना म्हटलं.

"मी कशाला लपवू?"

"सरळ सांगा. आहे ते."

"सरळच सांगीन की." त्यांनी गालावरचा फेस पुसला. "तुझ्यासाठी मी भीकसुद्धा मागीन, वैजू. हे तर नुसतं सांगायचंय."

गाडी आमच्या गल्लीत शिरेना, म्हणून ते दोघं कोपऱ्यापासून चालत आले. संस्थेच्या मार्था मॅडम उंच, पिकल्या केसांच्या, सुती सलवार-कमीज घातलेल्या. मागं शेपूट धरल्यासारखी गल्लीतली पोरं. आणि त्यांच्याबरोबर दुभाषा म्हणून आलेला सारंग. त्याचे आईवडील मूळ ठाण्याचे, पण तो जन्मलेला, वाढलेला तिकडंच. दारात बूट काढता काढता तो म्हणाला, "नमस्कार काकू. मला मराठी येतो."

"येतं की, चांगलंच येतं," आई म्हणाली, आणि त्या क्षणी तिनं त्याला पदरात घेतलं. तुझं आडनाव काय, आईचं माहेर कुठलं, तिकडं भाकरी मिळते का, हे सगळं विचारून होईपर्यंत त्याच्या ताटलीत तीन लाडू पडले होते.

मार्था मॅडम मान वर करून खोक्यांकडं बघत होत्या.

"हे सगळं बांगडी?" सारंगनं विचारलं.

"सगळं," अण्णा म्हणाले. त्यांनी एक खोकं उघडून हिरव्या बांगड्यांचा तोडा बाहेर काढला आणि उजेडात धरला. माल दाखवताना अण्णांचा चेहरा दुकानातला व्हायचा. किती दिवसांनी मी तो पाहत होते.

मग सारंग माझ्याकडं वळला. "वैजयंती, तू आता आत बसशील? नियम आहे. घरची गोष्ट आईबाबांनीच सांगायची."

मी पडद्यामागं स्वयंपाकघरात जाऊन बसले. अण्णांचा आवाज पेठेतला, चार बायकांच्या गलक्यावरून पोचणारा, त्यामुळं त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. सारंगचं मराठीही कळत होतं. तो मॅडमशी इंग्रजीत बोलायला लागला की मात्र आवाज खाली जायचा आणि माझ्यापर्यंत नुसती कुजबुज यायची.

आधी घराची चौकशी झाली. घर भाड्याचं का, माणसं किती, शेती आहे का. मग सारंग म्हणाला, "काका, तुमची दुकान आता कशी आहे?"

मी हातातली चहाची गाळणी घट्ट धरली. अण्णा आता 'रामाची कृपा' म्हणणार आणि सगळं संपणार, असं मला वाटलं.

"दिवाळी झाली," अण्णा म्हणाले. "तुळशीचं लग्न झालं. आणि दुकान वाढवलं आम्ही."

"वाढवलं?"

"हो. वाढवलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सांगितलं होतं. परक्या माणसासमोर, परक्या बाईसमोर, एका दमात सांगून टाकलं होतं.

बाहेर इंग्रजी कुजबुज झाली. मग सारंग म्हणाला, "आणि हा सगळा माल?"

"दुकानातलाच. घरात आणून ठेवला. बघताय ना, पाय ठेवायला जागा नाही."

"मग आता काम कसं करता?"

"आता मी गावोगाव फिरतो. बरड, गुणवरे, साखरवाडी. घरोघरी जाऊन बांगड्या भरतो. लग्नसराईत हीसुद्धा येते बरोबर. पूर्वी हिला कधी बाहेर पडावं लागलं नव्हतं."

"काकूपण काम करतात?"

"करते की," आई म्हणाली. आवाजावरून ती हसत होती. पाहुण्यांपुढं आई हसल्याशिवाय बोलत नसे.

"छान," सारंग म्हणाला.

ते 'छान' मला जरा खटकलं. पण तिकडची माणसं ऊठसूट 'ग्रेट' म्हणतात असं मी ऐकून होते, त्यातलाच प्रकार असेल. बिचाऱ्याला धीर द्यायला दुसरा शब्द येत नसेल, असं समजून मी डोळे पुसले आणि चहा घेऊन बाहेर गेले. अण्णांनी माझ्याकडं बघून मान हलवली. झालं, सांगितलं, असं.

निघताना अण्णा मार्था मॅडमना म्हणाले, "कासाराच्या घरून मोकळ्या हातानं जायचं नसतं." त्यांना पाटावर बसवलं, समोर स्वतः मांडी घातली आणि त्यांचा हात हातात घेतला. बाईंचा हात मोठा, हाडं रुंद. अण्णांनी बोटं एकत्र दाबली, अंगठा आत मुडपला.

"हात सैल सोडा," अण्णा म्हणाले.

सारंगनं ते इंग्रजीत सांगितलं, पण बाई घाबरून हात आणखीच ताठ करत होत्या. "हात सैल सोडा, ताई," अण्णा पुन्हा म्हणाले, हळू, लग्नातल्या नवऱ्या मुलींना म्हणायचे तसं. आणि मग एकेक बांगडी सरकत गेली. शेवटची मात्र अंगठ्याच्या मुळाशी अडली आणि टचकन आवाज झाला.

"फुटली," सारंग म्हणाला.

"असं म्हणू नये बाळा," आईनं घाईघाईनं तुकडे गोळा केले. "वाढली म्हणावं."

"वाढली? म्हणजे?"

आता माझ्यावरची बंदी उठली होती, म्हणून मीच मॅडमना इंग्रजीत समजावलं. बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही, वाढली म्हणतो. नारळसुद्धा फोडत नाही, वाढवतो. सवाष्णीचं कुंकू पुसलं गेलं तरी ते वाढलं म्हणतो. मार्था मॅडमना हे फारच आवडलं. त्यांनी पर्समधून वही काढून शब्द लिहून घेतला, दोनदा म्हणून पाहिला, "वाडली, वाडली." आम्ही सगळे हसलो. मी तर सगळ्यांत जास्त.

"मोडणाऱ्या सगळ्याच वस्तूंना असं म्हणता?" त्यांनी विचारलं.

मी आईला विचारलं. आई म्हणाली, "सगळ्याला कशाला? चप्पल तुटली तर तुटलीच म्हणायची. ज्यात आपला जीव असतो, त्याला वाढली म्हणायचं."

सारंगनं हे भाषांतर फार सुरेख केलं. मार्था मॅडमनी छातीवर हात ठेवला. हातातल्या बांगड्या वाजल्या. गल्लीच्या टोकापर्यंत त्या हात हलवत गेल्या आणि आई म्हणाली, "बाई मायाळू आहे. काम झालं बघ तुझं."

त्या दिवशी आम्ही उरलेले सगळे लाडू खाल्ले. अण्णा घरात शीळ घालत फिरत होते.

एप्रिलमध्ये निकाल आला. स्टँडजवळच्या सायबर कॅफेत मी तो उघडला. संस्थेनं माझं, माझ्या निबंधाचं, माझ्या घराचं कौतुक केलं होतं. मग लिहिलं होतं की माझ्या कुटुंबानं यंदा आपला व्यवसाय वाढवला आहे, शेजारच्या गावांतही नेला आहे आणि आता माझी आईही त्यात उतरली आहे, हे पाहून त्यांना आनंद झाला; परंतु ज्यांना दुसरा कसलाच आधार नाही अशांसाठी ही मदत असल्यानं यंदाची निवड दुसऱ्या उमेदवाराची झाली आहे.

मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं पत्र चुकून मला आलं. वर नाव पाहिलं. वैजयंती मुरलीधर रासने. मीच होते. अगदी खाली मार्था मॅडमनी स्वतःच्या दोन ओळी जोडल्या होत्या. तुझ्या वडिलांनी भरलेल्या बांगड्या अजून माझ्या हातात आहेत, त्यांतली एकही अजून 'वाडली' नाही.

मी पैसे देऊन बाहेर आले आणि घरी चालत सुटले. वाटेत मला अण्णांचा राग यायला लागला. शेवटी बढाई मारलीच असणार. इंग्रजी कुजबुजीच्या वेळी खुणा करून काहीतरी मोठेपणा सांगितला असणार. मी घरात शिरले तेव्हा ते सायकलच्या पेटीत बांगड्या लावत बसले होते.

"अण्णा, तुम्ही त्यांना दुकानाचं काय सांगितलं होतं?"

"आहे ते सांगितलं. का?"

"काय म्हणालात? नेमकं काय म्हणालात?"

"दुकान वाढवलं म्हणालो," अण्णा म्हणाले. "दुसरं काय म्हणणार?"

मी तिथंच दारात खाली बसले.

ऐतिहासिक गोष्टीत निदान कुणीतरी 'ध'चा 'मा' केलेला असतो. आमच्या बाबतीत एक अक्षरसुद्धा कुणी बदललं नव्हतं. अण्णा खरं बोलले होते. सारंगनं जे ऐकलं तेच सांगितलं होतं. खात्री करायला त्यानं पुन्हा विचारलंही होतं. आणि वर मी स्वतः त्या शब्दाचा अर्थ मॅडमना नीट फोड करून दिला होता, बांगडीचा, नारळाचा, कुंकवाचा. दुकानाचा द्यायला हवा होता, हे कुणाच्या स्वप्नात येणार? पेठेतला प्रत्येक दुकानदार रोज रात्री दुकान वाढवूनच घरी जातो.

अण्णांना समजावून सांगायला मला फार वेळ लागला. वाढवणं म्हणजे मोठं करणं, असा त्या शब्दाचा दुसरा अर्थ आहे हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण दुकानाच्या बाबतीत तो अर्थ कुणी घेईल, हे त्यांना पटेचना. "पण मी तुळशीचं लग्न झाल्यावर म्हणालो ना," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "किल्ली दिल्याचं त्याला माहीत नव्हतं का?"

मी परत कॅफेत जाऊन सारंगला आणि मार्था मॅडमना लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या मोबाइलवर सारंगचा फोन आला.

"वैजयंती, मी दोनदा विचारला होता. काका हो म्हणाले."

"हो. ऐकलं मी."

"वाढवलं म्हणजे मोठं केलं ना?"

"नाही. बंद केलं."

त्यानं तो शब्द स्वतःशीच एकदा म्हणून पाहिला.

"बांगडीसारखं?" त्यानं विचारलं.

"बांगडीसारखं."

"माझ्या आईनं मला हे कधी सांगितलंच नाही," तो म्हणाला. "आमच्या घरी दुकान नव्हता."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण आई समोर उभी राहून विचारत होती, "सारंगच आहे ना? जेवला का तो?" मी ओरडू शकले नाही.

सारंगनं तिकडं सगळ्यांना जाऊन सांगितलं. मार्था मॅडम भल्या बाई, त्यांनी समिती पुन्हा बसवायला लावली. समितीचं म्हणणं असं पडलं की आम्ही ते वडिलांच्या तोंडून ऐकू. फोनवर सगळे असतील, सारंग भाषांतर करील. "फक्त काकांनी तो शब्द वापरू नये," सारंग म्हणाला. "साधा शब्द वापरायला सांग. बंद पडलं, संपलं, असा. नाहीतर ते परत मला विचारतील, तुला नक्की कळलं का?"

संध्याकाळी फोन यायचा होता. अण्णांनी धुतलेला शर्ट घातला. फोनवर कोण शर्ट बघणार होतं? मी त्यांच्याकडून दोनदा म्हणून घेतलं. म्हणजे प्रयत्न केला. "दुकान..." म्हणून ते थांबायचे आणि देव्हाऱ्याकडं बघायचे.

"घरात नको," आई शेवटी म्हणाली. "लक्ष्मी ऐकते. जे काय बोलायचं ते उंबऱ्याबाहेर जाऊन बोला."

मला वाटलं मी आता किंचाळणार. पण अण्णा निमूट उठले, चपला घातल्या आणि बाहेर जाऊन गल्लीत उभे राहिले. संध्याकाळची वेळ. बायका ओट्यावर लसूण सोलत, भाजी निवडत बसलेल्या. समोरच्या सराफकाकू म्हणाल्या, "काय अण्णा, बाहेर उभे?" आणि फोन वाजला.

"हो. मुरलीधर रासने बोलतोय," अण्णा म्हणाले. मग, "दुकान... दुकान बंद पडलं आमचं."

लाइन खराब होती. तिकडं ऐकू गेलं नाही.

"बंद पडलं," अण्णा जरा मोठ्यानं म्हणाले. तरी नाही. तेव्हा त्यांनी दुसरा कान हातानं झाकला, डोळे मिटले आणि पेठेतला आवाज लावला. "बंद. बंद पडलं दुकान. बुडालं. चालेना. जागा गेली."

ओट्यावरचे हात थांबले. दुकान गेल्याचं गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, पण तसं अजून कुणीच म्हणालं नव्हतं. सराफकाकू सूप घेऊन आत गेल्या. एकेक करून बाकीच्याही आत गेल्या. गल्ली मोकळी झाली आणि अण्णा एकटेच उभं राहून उत्तरं देत होते.

"नाही. दुसरं काही नाही. ... शेती नाही. ... नाही, भाऊ नाही. ... ठेव होती ती जागेच्या भाड्यात गेली. आता नाही. ... माल आहे, पण तो कुणी घेत नाही. ... नाही. ... तेही नाही."

आई आत देव्हाऱ्यासमोर कानांवर हात ठेवून बसली होती. किल्ली परत केली त्या दिवशी ती रडली नव्हती. माल घरात आला तेव्हा नाही, बोळात झोपायची वेळ आली तेव्हाही नाही. त्या संध्याकाळी रडली.

अण्णा आत आले आणि फोन माझ्या हातात देत म्हणाले, "या वेळी बरोबर बोललो ना गं?"

"बरोबर बोललात," मी म्हणाले.

चार दिवसांनी सारंगनं कळवलं. समितीचा आमच्यावर विश्वास बसला होता. पण नाव जाहीर झालेलं होतं. त्या दुसऱ्या मुलीला पत्र गेलं होतं, तिच्या कॉलेजात पैसे भरून झाले होते. तिच्याकडून ते काढून घेता येत नव्हते, आणि काढून घ्या असं मी तरी कोणत्या तोंडानं म्हणणार? एकीपुरतीच सोय होती. पुढच्या वर्षी अर्ज करायचा तर त्याच वर्षी बारावी झालेली मुलं त्यांना लागत होती, आणि कॉलेज तोवर थांबणार नव्हतं. मार्था मॅडम फोनवर आल्या. त्या रडत होत्या. मीच त्यांना "इट्स ओके" म्हणाले, कारण इंग्रजीत अशा वेळी तेच म्हणतात. त्यांच्या हातातल्या बांगड्या फोनवर ऐकू येत होत्या.

वाईट कुणीच वागलं नव्हतं. सारंग नाही, मॅडम नाहीत, समिती नाही, अण्णा तर नाहीतच. भांडायला जावं असं एकही दार नव्हतं. एक कुणीतरी लबाड निघालं असतं तरी मला बरं वाटलं असतं.

मी साताऱ्याला बी.एस्सी. केलं. आता तिथंच शिकवते. काच का फुटते, हा भाग दरवर्षी येतो आणि मी वर्गात 'फुटते' असंच म्हणते.

त्या मे महिन्यात मात्र मी अण्णांबरोबर गुणवऱ्याला एका लग्नघरी गेले होते. आईचं अंग तापलं होतं, म्हणून पेटी धरायला मी. मांडवाच्या सावलीत बायकांची रांग लागली होती. अण्णा एकेकीचा हात हातात घेऊन चुडा भरत होते आणि मी रंग काढून देत होते. नवरीची मावशी पाटावर बसली. हाडापेरानं थोराड बाई. माझ्याकडं निरखून बघत ती म्हणाली, "अण्णा, हीच न्हवं तुमची हुशार पोर? अमेरिकंला जाणार हुती न्हवं? पेपरात फोटू आलावता. मग काय झालं त्याचं?"

माझ्या हातातल्या बांगड्या वाजल्या. अण्णांनी मान वर केली नाही. ते त्या बाईची बोटं एकत्र दाबत होते. त्यांना साधे शब्द येत होते. भर गल्लीत ओरडून त्यांनी ते म्हणून दाखवले होते.

"ते वाढवलं आम्ही," अण्णा म्हणाले.

ती बाई माझ्याकडं बघत राहिली. तिचा हात नकळत ताठ झाला होता.

"हात सैल सोडा, ताई," अण्णा म्हणाले.